एक वर्ष, दोन बॅगा आणि दर सणाला एक पेला

पिशवीवाली
राम राम मंडळी. ३१ जुलैला मी बँकेतून सुटतेय. चौतीस वर्षं लोकांचे परदेशवारीचे फॉर्म तपासून दिले, आता स्वतःचा भरायचाय. नवरा दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला, मुलगी तिच्या संसारात. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्यायची आणि वर्षभर फिरायचं असं ठरलंय. (ठरलंय म्हणजे मी ठरवलंय. नवरा 'बघू' म्हणालाय. आमच्या घरात त्याचा अर्थ हो असा होतो.)

अमुक देश पाहिले, तमुक देश राहिले, असली यादी नकोय. मागच्या कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध पिताना डोक्यात आलं, की हेच दूध उद्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली प्यायले तर ते नुसतं दूध. गच्ची, गार वारा, शेजाऱ्यांच्या गप्पा, भांड्यात पडलेला चंद्र, हे सगळं त्यात पडलं की त्याची कोजागिरी होते. मग प्रत्येक देशाची कोजागिरी कुठली? तिथे त्या दिवशी जायचं आणि तिथल्या लोकांबरोबर उभं राहून तो पेला प्यायचा. बाकी वस्तुसंग्रहालयं वगैरे जमली तर जमली.

कच्चा बेत असा: २० सप्टेंबरच्या सुमारास म्युनिकला उतरायचं, ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे तिथली बिअरची जत्रा. तिथून युरोपात रमतगमत नाताळापर्यंत. नववर्ष जपानमध्ये. मग थोडे दिवस घरी. रमजान येत्या वर्षी फेब्रुवारीत सुरू होतोय, तो कैरोत. मे महिन्यात फिनलंड, जूनमध्ये स्वीडन आणि आषाढीला परत घरी.

अडचणी दोन. नवरा थेंबभरही घेत नाही आणि त्याची साखर काठावर आहे. दुसरी, व्हिसातलं मला लोकांचं कळतं, स्वतःचं कळत नाही. अनुभवी मंडळींनी लिहावं.

अर्धाकप
वाचनखूण साठवली. कोजागिरीचा परिच्छेद फार आवडला. पुढील लेखनास शुभेच्छा.

दिवसमोजणी
ताई, बेत सुंदर आहे आणि पहिल्याच पानावर फाटतो.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही धरतात. २० सप्टेंबर ते २५ डिसेंबर मोजा: ११, ३१, ३०, २५. झाले ९७. सात दिवस जास्त. विमानतळावर ती नोंद झाली की पुढच्या अर्जाला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

म्हणून मधले दीड-दोन महिने शेंगेनच्या बाहेर काढा. ऑक्टोबरात जॉर्जिया, नोव्हेंबरात इस्तंबूल. चालू शेंगेन व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर जॉर्जियात वेगळा व्हिसा लागत नाही, आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा त्याच आधारावर मिळतो. मात्र तो ३० दिवसांचा आणि एकदाच आत जाण्याचा. नोव्हेंबरअखेर पुन्हा जर्मनीत शिरायचं, तर शेंगेनवर 'मल्टिपल एंट्री' लिहिलेलंच हवं. अर्जाला जोडायच्या पत्रात हा सगळा मार्ग तारखांसकट लिहा, नाहीतर एकदाच प्रवेशाचा हातात ठेवतील.

मे महिन्यासाठी बहुधा नवा अर्ज करावा लागेल. पहिल्यांदा जाणाऱ्याला सहसा वर्षभराचा देत नाहीत. दोन वर्षांचा मिळायला आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरलेले लागतात. तुम्ही जानेवारीत घरी येताच आहात, तेव्हा अर्ज टाका. विमा ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो, त्याखालचा चालत नाही.

पिशवीवाली
दंडवत! सत्त्याण्णव! आणि मी स्वतः बँकेत दिवस मोजून व्याज काढायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जॉर्जिया आणि इस्तंबूलला प्यायचं काय पण?

म्युनिकमावशी
मी सांगते, पण आधी ऑक्टोबरफेस्टबद्दल. मी इथे एकोणीस वर्षं आहे, त्यातली पहिली पाच वर्षं हौसेने गेले. तंबूत बिअर एक लिटरच्याच काचेच्या मगात मिळते, त्याला मास म्हणतात. भरलेला मग एका हाताने उचलायला मनगट लागतं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, बाकांवर उभं राहून नाचणाऱ्यांच्या पायांशी तुमचं ताट असेल. कामाच्या दिवशी सकाळी अकराला जा, बँड निवांत वाजवत असतो, आजी-आजोबा आलेले असतात. दोन तास पुरेत. यजमानांना आपफेलशोर्ले द्या, सफरचंदाचा रस आणि सोडा.

खरा पेला त्याच दिवसांत रस्त्यावर मिळतो आणि आपले लोक त्याच्याकडे बघत नाहीत. फेडरवाइसर. द्राक्षांचा रस आंबायला लागलेला, पण वाइन अजून व्हायची आहे. गढूळ, गोडसर, जिभेवर चुरचुरणारा. सोबत कांद्याचा गरम केक. सप्टेंबर-ऑक्टोबरात काही आठवडे असतो, मग वर्षभर गायब. बाटलीचं बूच मुद्दाम सैल असतं, कारण आत अजून आंबणं चालू असतं. मी पहिल्या वर्षी ती बाटली पिशवीत आडवी ठेवून ट्राममधून घरी नेली. शेजारच्या आजोबांच्या बुटांपर्यंत ओघळ गेला. त्यांनी रुमाल दिला आणि म्हणाले, नवीन आलीस ना.

हेच जॉर्जियात जास्त चांगलं होईल. तिथे ऑक्टोबरात काखेती भागात द्राक्षांची काढणी चालू असते, रतवेली म्हणतात. मातीचे मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात वाइन करतात. त्या रांजणाला क्वेव्री म्हणतात. युनेस्कोने २०१३ साली ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. कोवळ्या वाइनला माचारी म्हणतात. गावातल्या घरी उतरा, हॉटेलात नको. जेवताना एक जण तामादा होतो आणि तो बोलल्याशिवाय कुणी पेला उचलत नाही. त्याची भाषणं लांबतात, भूक लागलेल्या पोटी जाऊ नका.

सदाशिवपेठ_३०
सणांच्या नावाखाली दारूचा प्रचार चाललाय आणि संपादक गप्प. आपल्या पन्ह्यात काय कमी आहे?

पिशवीवाली
पन्ह्यात काहीच कमी नाही हो, काका. पण चैत्रात ते मी प्यायलेय, साठ वर्षं. आणि यादीत बिनदारूचंच जास्त होणार आहे, नवऱ्याच्या कृपेने.

अर्धाकप
इस्तंबूलचं मी घेतो. नोव्हेंबरात तिथे बोझा सुरू झालेला असतो. बाजरीच्या जातीचं धान्य आंबवून केलेलं, दाट, फिकट पिवळं. थेट आपल्या आंबिलीची चुलत बहीण, पण गोडावर झुकलेली. आंबवल्यामुळे मद्याचा अंश नावाला असतो, हे यजमानांना आधीच सांगा. वेफा भागात १८७६ पासूनचं दुकान आहे. संगमरवरी कट्ट्यावर भरलेले पेले ओळीने मांडलेले असतात, वर दालचिनी. रीत अशी, की समोरच्या दुकानातून गरम फुटाणे घ्यायचे आणि बोझ्यावर टाकून चमच्याने खायचे. अतातुर्क ज्यातून प्यायले तो पेला भिंतीवर काचेत ठेवलाय, लोक त्याचेही फोटो काढतात.

पहिला घोट घेतला तेव्हा मला नाही आवडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस पडत होता, गारठा होता, आपोआप पाय तिकडे वळले.

गरम हवं असेल तर सालेप. रानटी ऑर्किडच्या कंदाची पूड दुधात. खऱ्या कंदाला तुर्कस्तानाबाहेर न्यायची बंदी आहे, त्यामुळे विमानतळावरची 'सालेप' लिहिलेली पाकिटं म्हणजे बहुतेक साखर आणि स्टार्च. घेऊ नका.

म्युनिकमावशी
आता नाताळाचं, आणि हे ठळक वाचा. नाताळबाजार नाताळच्या आधी असतो, नाताळात नसतो. दरवर्षी भारतातून कुणीतरी सुट्टीचा हिशेब करून २५ तारखेला न्यूरेंबर्गला येतं आणि रिकाम्या चौकात लाकडी फळ्या मोजत बसतं. माझा सख्खा मावसभाऊ आला होता, चार जणांना घेऊन. २४ला दुपारी बाजार बंद, मग दुकानंही बंद, २५-२६ सार्वजनिक सुट्टी. मी कुकर लावला म्हणून जेवले. बर्लिनमध्ये काही बाजार पुढेही चालू राहतात, पण त्यासाठी न्यूरेंबर्ग सोडू नये.

न्यूरेंबर्गचा बाजार पहिल्या ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्याच्या) आधीच्या शुक्रवारी उघडतो, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी. त्याच आठवड्यात जा. गर्दी कमी, मसाला ताजा. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा, रेल्वेने सहज जमतो.

ग्लूवाइन म्हणजे तापवलेली रेड वाइन. दालचिनी, लवंग, चक्रीफूल, संत्र्याची साल. चांगला ठेला ओळखायची खूण सांगते: भांड्यातून वाफ यावी, बुडबुडे येऊ नयेत. मद्य ७८ अंशांना उडतं, उकळलं की मागे उरतो कडवट काढा. 'मिट शुस' म्हटलंत की वरून रम ओततात. हौस असेल तर फॉयरत्सांगेनबोलं बघा, साखरेचा सुळका रममध्ये भिजवून पेटवतात आणि निळ्या ज्योतीत ती साखर वितळून खाली वाइनमध्ये ठिबकते. पिण्यापेक्षा बघायला जास्त छान.

प्यायचा मग चिनीमातीचा मिळतो, त्याची अनामत चार-पाच युरो वेगळी घेतात. परत केला की पैसे परत. पण मगावर दर वर्षी नवं चित्र असतं, म्हणून निम्मे लोक तो घरीच नेतात, आणि ते चालतं. यजमानांना किंडरपुन्श, तोच मसाला फळांच्या रसात. साखर मात्र त्यात भरपूर असते, एका मगात दोघं भागवा.

वसईचा_वारा
अवांतर: एवढ्या लांब कशाला? आमच्या वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत खिमाड करतात. मसाल्याचं गोड गरम पाणी, त्यात गावठी. आमच्या आजीचा वास यायचा त्याला. म्हणजे खिमाडाचा वास आजीला यायचा. असो.

दिवसमोजणी
=)) याला अवांतर म्हणू नका, वेगळा धागा काढा.

खलाशी_रत्नांग्री
मी बोटीवर होतो, आता गावी आंबे बघतो. बेत बदला असं म्हणत नाही, पण एक सांगून ठेवतो. डिसेंबरात बोट पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे त्रिनिदादला लागली होती. एका पोऱ्याने लालभडक सरबताचा पेला हातात दिला. म्हणे सॉरेल, नाताळचं. एक घोट घेतला आणि हसायलाच लागलो. अंबाडी! आमच्या आयशीने बोंडांची चटणी केली की जो आंबटपणा लागतो, तोच. बोंडांच्या लाल पाकळ्या, आलं, लवंग रात्रभर गरम पाण्यात ठेवतात, सकाळी गाळून साखर. हवी तर रम. जमैकातही हेच. त्याला सांगितलं, आमच्याकडे ही भाजी, तर तो विश्वासच ठेवीना.

वऱ्हाडी_ठेचा
अरे वा खलाशीकाका! आमच्या नागपूरकडे अंबाडीच्या फुलांचं सरबत होते ना घरोघरी. थंडीत बोंडं आली की सोलायचा कंटाळा सारेच करतात, प्यायला सारेच हजर. आता कळलं, की आम्ही इतकी वर्षं कॅरिबियन नाताळ साजरा करून राहिलो होतो.

एडिसनकर
अमेरिका यादीत नाही याचा निषेध. पण खरं सांगू, दुकानातलं कार्टनमधलं एगनॉग म्हणजे पातळ बासुंदीत अंडं, चुकवलंत तरी चालेल. १८२६ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत नाताळच्या आदल्या रात्री याच पेयावरून कॅडेट्सनी दंगल केली होती, आणि अजूनही मला कळत नाही की यासाठी?

त्यापेक्षा मेक्सिकोचं पोंचे. १६ ते २४ डिसेंबर तिथे पोसादास असतात, रोज एका घरी मिरवणूक जाते आणि दारात पोंचेचं पातेलं. पेरू, उसाचे करवे, चिंच, दालचिनी, अंबाडीची फुलं (पुन्हा!), तेखोकोते नावाचं बोराएवढं पिवळं फळ, आणि गोडीला पिलोन्सिय्यो. ते काय हे विचारल्यावर बाईने ढेप दाखवली. गूळ हो, गूळ! साच्यातला. मी पेरूचा कढत तुकडा उसाच्या करव्याने टोचून खात होतो आणि मला संक्रांतीचं सुगड आठवत होतं.

पिशवीवाली
आता झाली ना पंचाईत. १६ ते २४ मेक्सिको, १३ला स्वीडनचा लुसियाचा सण, ३१ला जपान. नवरा म्हणाला, तू जा, मी विमानतळावरच राहतो.

हेलसिंकीची_चकली
मेक्सिको पुढच्या निवृत्तीला ठेवा. डिसेंबरात इकडे या. १३ तारखेला पहाटे डोक्यावर मेणबत्त्या लावलेल्या मुली गात येतात, केशराचा पाव आणि ग्लॉग. ग्लॉग म्हणजे ग्लूवाइनच, फक्त कप छोटा आणि तळाशी बेदाणे-बदाम, चमचा देतात. स्वीडनमध्ये यजमानांसाठी युलमुस्त आहे, १९१० साली दारूला पर्याय म्हणून काढलेलं काळं सोडापेय. नाताळात ते कोकलाही मागे टाकतं. चव? कोकमध्ये कुणी माल्ट ढवळलं तर. मुलं वेडी होतात, मी नाही झाले.

पण माझा आग्रह १ मेचा. वाप्पु! महाराष्ट्र दिनालाच. सहा महिन्यांच्या अंधारानंतर सगळं हेलसिंकी पांढऱ्या विद्यार्थी-टोप्या घालून बागेत सतरंज्या टाकतं, हवा पाच अंश असली तरी. त्या दिवशी सिमा पितात. नाव ऐकून हसू नका. लिंबू, साखर, पाणी, चिमटीभर यीस्ट. बाटलीत चार-पाच बेदाणे टाकून ठेवायचे. बेदाणे तळाशी असतात तोवर थांबायचं, फुगून वर तरंगले की तयार. घड्याळ नको, तारीख नको. घरची सिमा जेमतेम आंबलेली असते, आमच्याकडे मुलंही पितात. सोबत तिप्पालेइपा, म्हणजे पाकात न टाकलेली जिलबी, वर पिठीसाखर. पहिल्या वर्षी मी पाक शोधत होते.

सदाशिवपेठ_३०
सिमेचं प्रमाण द्यावे. लिंबू किती, साखर किती. शैक्षणिक कुतूहल.

अर्धाकप
काका!!! :))

हेलसिंकीची_चकली
चार लिटर पाणी, अर्धा किलो साखर (निम्मी गडद), दोन लिंबं, पाव चहाचा चमचा यीस्ट. पाणी कोमट झाल्यावर यीस्ट घाला, रात्रभर झाकून ठेवा, मग बाटल्यांत. पुण्याच्या मे महिन्यात बेदाणे दुसऱ्याच दिवशी वर येतील, ताबडतोब फ्रिजमध्ये टाका. काचेच्या बाटल्या नकोत, फुटतात.

क्योतोत_कोकणी
जपानबद्दल थोडक्यात. ३१ला रात्री देवळात जा, मध्यरात्रीची घंटा ऐका, बऱ्याच ठिकाणी अंगणात आमाझाके मिळतं. गरम, पांढरं, तांदळाचे कण असलेलं, साखर न घालता गोड. भाताला कोजी, म्हणजे तिथली आंबवायची बुरशी, लावून आंबवलं की गोडी आपोआप येते. दोन प्रकार आहेत: कोजीचं, त्यात दारू अजिबात नाही, आणि साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्याचं, त्यात थोडी, आणि साखरही वरून घालतात. विचारून घ्या. 'साखर न घालता' वाचून यजमानांनी हुरळून जाऊ नये, तांदळाचीच साखर असते ती. आणि १ ते ३ जानेवारी बरीच दुकानं, संग्रहालयं बंद. कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानांवर दिवस काढायची तयारी ठेवा.

खलाशी_रत्नांग्री
कैरोत रमजानात दिवसा शहर झोपतं, तुम्हीही झोपा. सूर्यास्ताला कमर अल-दीन. जर्दाळूच्या रसाच्या पोळ्या उन्हात वाळवतात, त्या भिजवून पितात. बाईसाहेब, ती आंबापोळीच आहे, आंब्याच्या जागी जर्दाळू. आणि 'तमर हिंदी' दिसलं तर ते आपलं चिंचेचं पाणी. अरबी लोक चिंचेला हिंदी खजूर म्हणतात. छातीवर भलामोठा कुंजा बांधून झांजा वाजवत फिरणारा दिसेल, तो एर्क-सूस विकतो, ज्येष्ठमधाचं पाणी. रक्तदाब असेल तर पेलाभरच, ज्येष्ठमध दाब चढवतं.

पिशवीवाली
आहे ना, तोही आहे. शेवटचा प्रश्न: बाटल्या घरी आणायच्या तर?

दिवसमोजणी
भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय. हातातल्या बॅगेत बऱ्याच विमानतळांवर कुठलंच द्रव १०० मिलीच्या डबीपलीकडे नाही, त्यामुळे मोठ्या बॅगेत मोज्यांत गुंडाळून. मी एकदा ग्लॉगची बाटली निघतानाच्या विमानतळावर घेतली, पिशवी उत्साहात फोडून बघितली, आणि मधल्या विमानतळावर ती काढून घेतली. सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत उघडायची नसते. त्या अधिकाऱ्याने लेबल वाचून 'नाइस' म्हटलं तेच जास्त लागलं.

म्युनिकमावशी
आणून करणार काय? ग्लूवाइनची बाटली आमच्या ठाण्याच्या घरी एप्रिलमध्ये उघडली होती. पंखा पाचवर आणि हातात गरम वाइन. सगळ्यांनी एकेक घोट घेऊन कौतुक केलं आणि उरलेली बेसिनमध्ये. मसाला आणा, नाशिकची कोरडी रेड वाइन घ्या आणि डिसेंबरात महाबळेश्वरी जाऊन करा.

पिशवीवाली
पटलं. नवा बेत: म्युनिक सहा दिवस, जॉर्जिया, इस्तंबूल, न्यूरेंबर्ग, लुसिया, क्योतो. मग घरी. कैरो आणि वाप्पु नवा व्हिसा आणि नवऱ्याची साखर बघून. मेक्सिकोऐवजी संक्रांतीला पेरू-ऊस-गुळाचं पोंचे घरीच, सुगडातलं संपवायला. वऱ्हाडी_ठेचा, बोंडं कुरिअर होतात का?

वऱ्हाडी_ठेचा
होतात ताई. सोलून पाहिजे का न सोलता, ते सांगा. सोलून पाहिजे तर यावं लागेल.

पिशवीवाली *(सात महिन्यांनी)*
धागा वर काढतेय. न्यूरेंबर्गहून. बाजार काल उघडला. बोटं बधीर झालीत म्हणून थोडंच लिहिते. जॉर्जियात तामादाने नवऱ्याला उठवून बोलायला लावलं. हा मराठीत बोलला, वीस मिनिटं, दाखला न देणाऱ्या तलाठ्याबद्दल. कुणाला काही कळलं नाही, सगळ्यांनी डोळे पुसले. त्याच्या पेल्यात डाळिंबाचा रस होता. बोझा मला आवडला, त्याला फुटाणे आवडले. काल बुडबुडे न येणारा ठेला शोधायला पाऊण तास फिरलो, मावशींची आठवण काढत.

म्युनिकमावशी
सापडला ना? आणि चिनीमातीचे मग परत केलेत की ठेवलेत?

पिशवीवाली
माझा ठेवला. याने त्याचा परत केला, पाच युरो मोजून घेतले आणि त्यांचं दुसरं किंडरपुन्श आणलं. आता तो दुसरा मग परत करायच्या रांगेत उभा आहे.